कौतुकाचं आजारपण

"अगं, काय बारीक झालीस!" असं कुणी कुणाला म्हणताना ऐकलं की आजही मी हातातलं काम थांबवते. म्हणणारीचा हेतू चांगला असतो. ऐकणारी लाजते, पदर सारखा करते. मी मात्र त्या बाईच्या हातांकडे बघते, बोटं थरथरतात का म्हणून. मग तिच्या मानेकडे बघते. ही खोड आता जायची नाही.

मी सिल्वासाच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मिस्टर प्रशासनाच्या कचेरीत हेडक्लार्क. आम्ही मूळचे राजापूरकडचे, नोकरीपायी इकडे आलो आणि टोकरखाड्याला सरकारी वसाहतीत राहिलो. घरात सासूबाई आणि आमची मुलगी मनीषा. ही हकिकत नव्वदनंतरच्या एक-दोन वर्षांतली आहे. तेव्हा सायली गावाकडे कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते आणि वसाहतीतल्या बायकांत 'डाएट' हा शब्द नुकताच शिरला होता.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं सांगत बसणार नाही. माझ्यासारखंच कौतुक एखादीच्या वाट्याला आलं असेल, तर तिनं हे वाचावं एवढंच.

दमणचा काटा

वसाहतीतल्या सबनीस वहिनी मूळच्या दादरच्या. महिला मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं. एकदा त्यांनी दमणहून वजनाचा काटा आणला, उभं राहायचा, लाल सुईचा. दिवाणखान्यात तो त्यांनी गालिच्यावर ठेवला होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी जाऊन त्याच्यावर उभं राहायचं आणि जिचं वजन जास्त उतरेल तिच्यासाठी टाळ्या, अशी टूम निघाली.

बायका काय काय करायच्या! चपला तर काढायच्याच, पण बांगड्या, घड्याळ, केसांतले आकडेसुद्धा. एक बाई तोंडातलं पान थुंकून यायच्या. म्हणायच्या, तेवढंच कमी.

मी शिक्षिका, म्हणून मंडळात शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्राच्या पुरवण्या वाचून आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारून मी शब्द गोळा केले. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा. कार्बोहायड्रेट म्हणजे भात, पोळी, साखर, बटाटा. प्रोटीन म्हणजे डाळ, दूध, अंडं, मासळी. फॅट म्हणजे तेल-तूप. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा केले की साधारण योग्य वजन. आणि मेटाबॉलिझम म्हणजे आपलं शरीर अन्न जाळतं तो वेग.

"म्हणजे जे जे चांगलं लागतं ते ते बंद," एकीनं निष्कर्ष काढला.

"आणि प्रोटीन म्हणजे वरणच ना? मग एवढी वर्षं आम्ही काय शास्त्रोक्तच खात होतो?" दुसरी म्हणाली.

मी हसून म्हटलं होतं, ज्यांचा मेटाबॉलिझम जोरात, त्या नशीबवान. त्यांनी कितीही खावं. अर्धवट माहितीच्या जोरावर काय काय बोलून जातो माणूस.

दर महिन्याला टाळ्या मलाच मिळत होत्या. सुई प्रत्येक वेळी डावीकडे सरकलेली असायची. सबनीस वहिनी म्हणायच्या, "बघा, बघा! ह्याला म्हणतात इच्छाशक्ती." माझे डोळे किती टपोरे दिसायला लागले, गालांवर कशी लाली आली, ह्यावर चर्चा व्हायची. मला बरं वाटायचं. लग्नानंतर मी कायम अंगानं भरलेलीच होते आणि रूपाचं कौतुक असं कुणी कधी केलं नव्हतं.

एकदा मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, "अहो, मी डाएट वगैरे काही करत नाही. उलट दुप्पट जेवते."

"सांगायचं नसेल तर नको सांगूस बाई," सबनीस वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना थोडा रागच आला.

खाल्लेलं जातं कुठं?

दुप्पट जेवते हे अगदी खरं होतं. सकाळी पोह्यांची मोठी ताटली खाऊन निघायचे, तरी प्रार्थना संपेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागायचे. डबा संपवून सहकारी बाईंच्या डब्यात हात घालायचे. घरी आल्यावर उभ्याउभ्या शेंगदाणे, गूळ, उरलेला भात, जे दिसेल ते. आणि तरी परकर दर पंधरवड्याला घट्ट बांधावा लागायचा.

सासूबाईंना हे कोडं सुटेना. त्या जुन्या हिशेबाच्या बाई. त्यांच्या लेखी माणूस खातो तेव्हा ते त्याच्या अंगी लागतं, लागत नसेल तर तो खातच नाही. सबनीस वहिनींच्या काट्याची बातमी त्यांच्या कानावर गेली होतीच.

"काय गो नलू, एवढं वाढून घेतेस, ते जातं कुठं? कुत्र्याला घालतेस?"

"आई, तुमच्यासमोर तर जेवले."

"समोर जेवलीस. मागे काय करतेस ते देवाक ठाऊक. पन्नास वर्षं मी माणसांना जेवू घातलंय. जेवणारं माणूस असं दिसत नाही."

त्यांनी मनीषाला माझ्या डब्यावर पाळत ठेवायला सांगितली. मनीषा आमच्याच शाळेच्या आवारातल्या मोठ्या शाळेत होती. तिनं आजीला अहवाल दिला की आई स्वतःचा डबा खाते आणि दुसऱ्या बाईंचाही अर्धा खाते. सासूबाईंचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. त्या मोहऱ्या विस्तवावर तडतडल्यावर त्या एवढ्या समाधानानं मान हलवत होत्या की मला रागच आला. मी त्यांच्या अंगावर ओरडले. एरवी मी कधी त्यांना उलट बोलत नसे.

ओरडणं हा त्या दिवसांत माझा स्वभावच झाला होता. वर्गात ओरडायचे, मनीषावर ओरडायचे, मिस्टरांनी पेपराची घडी नीट घातली नाही म्हणून ओरडायचे. डिसेंबरात सगळे स्वेटर घालून बसलेले असताना मला घाम फुटायचा. फळ्यावर अक्षर वाकडं यायला लागलं. पोरं एकमेकांना खुणा करत. रात्री उशीवर कान टेकला की माझ्याच छातीतली धडधड मला ऐकू यायची. मला थकवा होता, पण झोपून जाणारा नाही. पाय दुखून दुखून बधिर झाले आहेत आणि तरी कुणीतरी आपल्याला पळवतंच आहे, असा.

मिस्टरांनी एक दिवस ताटावरून उठून सांगितलं, "तुझं हे डाएटचं खूळ आता बंद कर. आईला त्रास होतोय." मी म्हटलं मी काही करत नाही. ते म्हणाले, "सगळी वसाहत खोटं बोलते का मग?" त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं.

कागद

एके दिवशी शाळेचा जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना. मधल्या पायरीवर मी बसले. ठोके एकासारखे एक नव्हते, मध्येच अडखळत होते, मध्येच धावत होते. हेडमास्तरांनी रिक्षा बोलावली आणि मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. मिस्टर कचेरीतून थेट तिथंच आले.

डॉक्टर वलसाडकडचे गुजराती गृहस्थ होते. वय झालेले, शांत. त्यांनी नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग विचारलं, "बेन, वजन कम हुआ है?"

मला सवयच लागली होती. मी म्हटलं, "हां, काफी."

"कैसे किया?"

"किया नहीं. अपने आप हुआ."

त्यांनी मला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि टेबलावरचा एक कोरा कागद माझ्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत पंखा बंद होता. मग त्यांनी पाण्याचा घोट घ्यायला लावला आणि घोट गिळताना माझ्या गळ्याकडे बघत राहिले. डोळ्यांकडे पाहिलं. ज्या टपोऱ्या डोळ्यांचं एवढं कौतुक झालं होतं त्यांच्याकडे पाहून त्यांनी हळूच मान हलवली.

"बेन, ये डाएटिंग नहीं है. ये बीमारी है."

गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करते आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिच्यामुळे शरीराचा अन्न जाळण्याचा वेग बेसुमार वाढतो. खाल्लेलं तर जळतंच, वर अंगातले स्नायू जळतात आणि हृदयाला उसंत मिळत नाही. "मेटाबॉलिझम समझती हैं आप?" त्यांनी विचारलं.

समझती हैं! मंडळात फळ्यावर लिहून दिलं होतं मी. त्या खुर्चीत बसून मला हसू आलं आणि लगेच रडूही. घरी मी खोटी ठरले होते, बाहेर मी कौतुकाची ठरले होते, आणि दोन्हीकडे कुणालाच काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आजाराला नाव मिळालं ह्याचं तेव्हा इतकं बरं वाटलं की भीती वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

वॉर्डात

ठोके ताळ्यावर येईपर्यंत मला दवाखान्यात ठेवून घेतलं. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं आणि रिपोर्ट यायची वाट बघत मी बायकांच्या वॉर्डात पडून राहिले.

दवाखान्यातला दिवस कसा जातो हे ज्यानं काढलाय त्यालाच कळतं. पहाटे फरशी पुसणारी बाई बादली आपटायची, मग केरळची सिस्टर यायची, नाडी, ब्लडप्रेशर, थर्मामीटर. मग चहा. मग राउंड. त्यानंतर काहीच नाही. छताच्या पंख्याकडे बघायचं आणि स्वतःचे ठोके मोजायचे नाहीत असं ठरवून मोजत राहायचं. सिस्टर दर जेवणानंतर विचारायची, "टीचर, खाना पूरा खाया?" माझ्या खाण्यावर शंका न घेणारं ते एकच माणूस होतं.

एकदा डॉक्टर आणि मिस्टर दाराबाहेर बोलत होते. "हार्ट पर असर" एवढेच शब्द मला ऐकू आले. मला मरायची भीती वाटली. ती नुसती, साधी भीती होती, तिच्यात काही मोठे विचार नव्हते. मनीषाची वेणी कोण घालणार, हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं. खरं तर मनीषा स्वतःची वेणी केव्हाची स्वतः घालत होती.

शेजारच्या खाटेवर खानवेलच्या बाजूच्या पाड्यावरची एक वारली बाई होती. बाळंतपणानंतर अंगात रक्त राहिलं नव्हतं. तिचा नवरा फडक्यात नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी घेऊन यायचा. ती माझ्या मनगटांकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, "बाय, तुझे घरात खायला नाय देत का?"

इतक्या महिन्यांत मला बारीक बघून कळवळलेली ही पहिली बाई. मी म्हटलं, "देतात गं. पण राहत नाही अंगात." तिनं समजल्यासारखी मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

मिस्टर रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे. बोलायला दोघांनाही जड जात होतं. एकदा म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दाम करतेस."

"टाळ्या मिळायच्या तेव्हा मलाही तसंच वाटायचं," मी म्हटलं. मग ते पहिल्यांदा हसले आणि माझ्या पायावरची चादर सारखी करून गेले.

सासूबाई मात्र एकदाच आल्या. मऊ भात आणि कुळथाचं पिठलं घेऊन आल्या, समोर बसून मला खायला लावलं आणि एक शब्द न बोलता डबा घेऊन गेल्या. मला वाटलं, अजून राग आहे.

परत येणारं वजन

रिपोर्ट आला, डॉक्टरांचं म्हणणं बरोबर निघालं. गोळ्या सुरू झाल्या, सकाळ, दुपार, रात्र. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गोळी चुकवायची नाही, चुकवली तर पुन्हा ठोके बिघडतील आणि पुढच्या वेळी ते ताळ्यावर येतीलच असं नाही.

हळूहळू घाम थांबला. झोप लागायला लागली, काय झोप ती, रविवारी दुपारी झोपले की दिवेलागणीला उठायचे. फळ्यावरची ओळ पुन्हा सरळ यायला लागली. मनीषा एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली ओरडत नाहीस." म्हणाली आणि लगेच खोलीबाहेर पळाली.

आणि वजन वाढायला लागलं. आधी गाल भरले, मग दंड, मग ब्लाउजांची शिवण उसवायची वेळ आली. भूक मात्र जुन्या सवयीनं थोडी जास्तच राहिली होती.

आता कौतुकाचं उलटं झालं. "अगं, हे काय? सगळं घालवलंस!" "एवढं कमावलेलं, टिकवता नाही आलं?" सबनीस वहिनींना आजाराचं सांगितलं होतं, तरी त्या म्हणाल्या, "आजार ठीक आहे गं, पण जरा कंट्रोल नको का?" कुणी दुष्टपणानं बोलत नव्हतं. पण रोज थोडं थोडं ऐकून मी खचले. आरशात बघायची टाळाटाळ करायला लागले. रात्रीची गोळी तळहातावर घेऊन मी कधीकधी नुसतीच बसायचे. एवढीशी पांढरी गोळी, हिच्यामुळे हे सगळं, असं वाटायचं. हिच्यामुळेच मी जिवंत आहे, हे तेव्हा मनाला पटायचं नाही, फक्त डोक्याला कळायचं. सासूबाई दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या असायच्या. मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

शेवटी मी डॉक्टरांना विचारलंच, गोळी थोडी कमी केली तर वजन आहे तिथंच थांबेल का?

त्यांनी चष्मा काढला. "बेन, जो गया था, वो चरबी नहीं थी सिर्फ. आपके हाथ-पैर की ताकत गई थी. वो वापस आ रहा है. आपका ही है, किसी और का नहीं." मग म्हणाले, हृदय धडधाकट झालं की फिरायला जा, तळलेलं बेतानं खा, तेव्हा कमी करायचं ते करू. पण आत्ता नाही.

बाहेर बसस्टँडपर्यंत मी चालत आले. वजन कमी करणं निराळं, आणि आपोआप उतरत जाणं निराळं, एवढं साधं मंडळाच्या फळ्यावर मी कधी लिहिलं नव्हतं. पण कळलं म्हणून लगेच वाटायला लागत नाही. घरी येऊन मी आरशावर टॉवेल टाकला.

तुला

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता सासूबाई मिस्टरांना म्हणाल्या, "आता नलूचा नवस फेडूया."

कसला नवस, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी दवाखान्यात असताना त्या रोज दमणगंगेकडच्या देवीच्या छोट्या देवळात जायच्या, म्हणून दवाखान्यात एकदाच आल्या होत्या. सून हातीपायी धड घरी आली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन, असं त्यांनी देवीला बोलून ठेवलं होतं. आमच्याकडे त्याला गूळतुला म्हणतात. ती लगेच का केली नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तेव्हा काय होतीस तू? काडी. देवीला काय फसवायचं? म्हटलं, पुरी भरू दे."

इतके महिने वसाहत माझं वजन बघून हळहळत होती आणि ह्या मात्र स्वयंपाकघरातून ते वाढताना बघत समाधानानं थांबल्या होत्या. मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, म्हणाल्या, भांडी पडलीत.

लाकडाच्या वखारीचा मोठा काटा देवळासमोरच्या चिंचेला टांगला. वखारवाले काका स्वतः आले होते. एका पारड्यात पाट ठेवून मला बसवलं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. वसाहतीतल्या बायका प्रसादाला आल्या होत्या, सबनीस वहिनीही. सगळ्यांसमोर, भर उन्हात, जाडजूड बाई काट्यात बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सगळ्या ढेपी चढल्या तरी माझं पारडं उचलेना. गूळ गेल्या महिन्याच्या वजनावर बेतून आणला होता. बायकांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "बाई गं, अजून?" मिस्टरांनी स्कूटरची किल्ली काढली, पण बाजार जवळ नव्हता, आणि गुरवाला पुढच्या पूजेची घाई होती.

वखारवाले काका माझ्या कानाशी वाकले आणि समजुतीनं म्हणाले, "बेन, पग जरा टेकवी दो ने. काटो सरखो थई जशे."

पाय जमिनीपासून वीतभरच वर होते. जरा टेकवले असते तर भार कमी झाला असता, पारडी सारखी दिसली असती, आणि सगळे घरी गेले असते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि काट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मी दोन्ही पाय वर घेतले आणि पाटावर नीट मांडी घातली.

"अहो," मी मिस्टरांना हाक मारली, "जा तुम्ही, गूळ घेऊन या. मी बसते."